पायवाटेचा जमाखर्च

श्रोतेहो, खेड्यातल्या एखाद्या मोटारसायकलीचा दिवस कसा जातो, ते आज आपण थोडे बारकाईने पाहू. सकाळी डेअरीवर दूध घालायला एक फेरी. मग शाळेत, पंचायतीत किंवा सोसायटीत कामाला. दुपारी जेवायला घरी. संध्याकाळी किराणा, पिठाची गिरणी, पारावर घटकाभर गप्पा आणि परत घर. गाडी दिवसभर सुरू होते, बंद होते. पण रात्री तिचा काटा पाहिला तर सगळे मिळून सात-आठ किलोमीटर भरतात. म्हणजे एकेक फेरी केवढी? कुठे अर्धा किलोमीटर, कुठे एक, फार तर दोन. अशा फेरीला आपल्या आजोबांनी कधी प्रवास म्हटले नाही. ‘आलोच जाऊन’ म्हणायचे आणि चालू लागायचे.

लांबच्या वाटेला गाडी हवी, याबद्दल वाद नाही. आजारी माणसाला तालुक्याला न्यायचे आहे, खताचे पोते आणायचे आहे, दहा कोसांवर लग्न आहे. तिथे पायी जा असे कोणी सांगू लागला तर त्याला आपण हसू. पण एक गोष्ट मात्र खरी, की यंत्राला सर्वांत महाग पडणारी वाट आणि पायांना सर्वांत स्वस्त पडणारी वाट ही एकच आहे. ती म्हणजे घराजवळची, दोन किलोमीटरांच्या आतली वाट. तिचाच आज जमाखर्च मांडू या. शिक्षक बंधुभगिनींनी पाहिजे तर कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

समजा, एक गुरुजी आहेत. घरापासून शाळा दोन किलोमीटर. जाणे-येणे चार किलोमीटर. शाळा वर्षातून २२० दिवस भरते असे धरले, तर वर्षाचे ८८० किलोमीटर झाले. गाडी अशा तुटक फेऱ्यांत लिटरला ४४ किलोमीटर देते असे धरू. मग वर्षाला पेट्रोल लागले २० लिटर. पेट्रोलचा भाव बदलत असतो. महाराष्ट्रात त्याने २०२१ साली शंभरी ओलांडली. हिशेब सोपा जावा म्हणून आपण १०० रुपयेच धरू; आपल्या पंपावर जास्त असेल तर बचतही तेवढीच जास्त. शाळेच्या वाटेचे झाले २००० रुपये. आता दूध, किराणा, पार, पोस्ट मिळून रोज आणखी दोन किलोमीटर, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. हे ७३० किलोमीटर; पेट्रोल साडेसोळा लिटर; रुपये सुमारे १६५०. गाडी चालली की नुसते पेट्रोल जळत नाही. इंजिनचे ऑईल, टायर, चेन, ब्रेक, गॅरेजवाल्याची मजुरी, सगळे झिजते आणि सगळ्याला पैसे पडतात. त्याचा किलोमीटरला एक रुपया धरला तर आणखी सोळाशे. एकूण बेरीज सव्वापाच हजारांच्या घरात जाते. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला हे पंधरवड्याच्या मजुरीएवढे होतात. मोटारगाडी असेल आणि ती अशा फेऱ्यांत लिटरला १२ किलोमीटर देत असेल, तर नुसत्या पेट्रोलचेच तेरा हजारांवर जातात.

आता एखादे चौकस श्रोते म्हणतील, ‘अहो, पण चालण्यात वेळ जातो त्याचे काय?’ बरोबर आहे, तोही खर्चाच्या बाजूला मांडला पाहिजे. माणूस सरळ पावलाने तासाला पाच किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला बारा मिनिटे. शाळेची दोन किलोमीटरांची वाट चोवीस मिनिटांची. गाडीने, ती बाहेर काढून, सुरू करून, पोचल्यावर सावलीत लावेपर्यंत, पाच-सहा मिनिटे. एका वेळेला अठरा मिनिटांचा फरक पडला. वर्षाच्या सगळ्या फेऱ्यांचा असा फरक काढला आणि वाचलेले पैसे त्यावर वाटले, तर तासाला वीस-पंचवीस रुपये पडतात. एवढ्या मोलावर कोणी कामाला येणार नाही! तेव्हा पेट्रोलच्या बचतीने घरावर सोन्याची कौले चढतील, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. या जमाखर्चात आणखी तीन-चार कलमे आहेत, आणि खरी गंमत त्यांत आहे.

पहिले कलम यंत्राचे. गाडी जवळच्या वाटेला जास्त तेल का पिते? इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही. वाफ झाल्याशिवाय ते हवेत मिसळत नाही आणि नीट जळत नाही. म्हणून सुरुवातीला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडावे लागते. जुन्या गाड्यांत त्यासाठी आपण चोक ओढत होतो. एप्रिल २०२० पासून जी नवी गाडी येते, तिच्यात हेच काम बहुधा इंजेक्टर आपोआप करतो. आपल्याला दिसत नाही, एवढेच. शिवाय थंडपणी इंजिनचे ऑईल दाट असते, त्यामुळे भाग एकमेकांवर जड फिरतात. काही मिनिटांनी इंजिन तापते, ऑईल पातळ होते, आणि मग कुठे ते काटकसरीने चालू लागते. पण तोवर आपले ठिकाण आलेले असते आणि आपण ते बंद करतो! एखाद्या बाईने चूल पेटवावी, तवा तापेपर्यंत भरपूर जाळ घालावा, आणि भाकरी टाकायच्या वेळी लाकडे बाहेर ओढावीत, त्यातला हा प्रकार. सरपण गेले आणि भाकरीही झाली नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. पेट्रोल जळले की त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे वाफेच्या रूपाने जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर चांगले तापले असले तर ही वाफ बाहेर निघून जाते. थंड असले तर ती आतच थंडावते, ऑईलमध्ये उतरते, सायलेन्सरला आतून गंज धरते. धूर शुद्ध करणारा जो भाग सायलेन्सरमध्ये बसवलेला असतो, तोही चांगला तापल्याशिवाय काम करीत नाही. म्हणून जवळच्या फेरीचा धूर लांबच्या फेरीपेक्षा अधिक वाईट. बॅटरीचेही तसेच. बटणाने गाडी सुरू करताना जेवढी वीज जाते, तेवढी परत भरून यायला गाडी काही वेळ चालावी लागते. अर्ध्या अर्ध्या किलोमीटरच्या फेऱ्यांत ती भरतच नाही. मग थंडीत एके सकाळी गाडी बसते, आणि आपण कंपनीला नावे ठेवतो.

दुसरे कलम ओझ्याचे. मोटारसायकलीचे वजन शंभर-सव्वाशे किलो, बसणाऱ्याचे साठ. म्हणजे साठ किलोचा माणूस न्यायला शंभर किलोंवर लोखंड ओढायचे. मोटारगाडीत तर बाराशे किलोंच्या धुडात एकटा साठ किलोचा माणूस बसतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तो हाच. आणि इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची सगळी शक्ती चाकाला मिळते असेही नाही. गावातल्या चालीत तिचा पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोचला तरी पुष्कळ. बाकीची उष्णता होऊन हवेत जाते.

शक्ती मोजायचे माप कॅलरी. आपण अन्नासाठी ज्या कॅलरी म्हणतो, त्याच मापाने पेट्रोलही मोजता येते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे आठ हजार कॅलरी असतात. लिटरला ५० किलोमीटर देणारी चांगली मोटारसायकल किलोमीटरला १६० कॅलरी खाते. लिटरला १५ किलोमीटर देणारी मोटारगाडी पाचशेच्या वर खाते. आणि साठ किलोचा माणूस? तो किलोमीटरभर चालला तर पन्नास-साठ कॅलरी! ज्वारीची एक मध्यम भाकरी धरली तर तिच्यात दोनशे कॅलरी असतात. म्हणजे एका भाकरीवर आपण साडेतीन-चार किलोमीटर चालतो. शाळेत जाऊन परत यायला एक भाकर पुरते, आणि ती परदेशातून आणावी लागत नाही. शेजारच्याच रानात पिकते.

परदेशाचा उल्लेख आला, तर तिसरे कलम तेच घेऊ. आपल्या देशात तेल अगदीच नाही असे नाही. आसामात दिगबोईला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तेल लागले, आणि १९०१ साली तिथे तेलशुद्धीचा कारखाना सुरू झाला. आपल्या मुंबईच्या किनाऱ्यापलीकडे भर समुद्रात १९७४ साली तेल सापडले; १९७६ पासून ते काढले जाऊ लागले. पण देशाची तहान मोठी आहे. आज आपण वापरतो त्या कच्च्या तेलापैकी शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक भाग बाहेरून जहाजांनी येते, आणि त्याचे पैसे परकी चलनात मोजावे लागतात.

तेल बाहेरून येते, तेव्हा त्याचा भावही बाहेर ठरतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध झाले, अरब देशांनी तेलाचा हात आखडता घेतला, आणि जे तेल पिंपाला तीन डॉलरच्या आसपास मिळत होते ते काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेले. हॉलंडसारख्या सधन देशात त्या वर्षी नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी रस्त्यावर आणायला बंदी झाली. मुलांनी मोकळ्या हमरस्त्यावर चाकांचे बूट घालून खेळून घेतले. आपल्याकडे त्याच महिन्यात अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधासाठी बैलगाडीत बसून संसदेत गेले. दूरच्या युद्धाची झळ आपल्या खिशाला कशी लागते, ते त्या वर्षी साऱ्या जगाला कळले. १९७८ साली तेलाच्या बचतीचा प्रचार आणि संशोधन करण्यासाठी केंद्र सरकारने एक स्वतंत्र संस्थाही उभी केली.

‘पण मी एकट्याने अर्धा लिटर वाचवून देशाचे काय होणार?’ असे वाटणे साहजिक आहे. यावर थोडा हिशेब बघा. देशात नोंदलेल्या दुचाकींची संख्या वीस कोटींच्या वर आहे. २०१४ साली जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात असे दिसले, की देशात खपणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे साठ टक्के पेट्रोल दुचाकीच पितात. म्हणजे मोठ्या मोटारींपेक्षा आपल्या अंगणातल्या या लहान गाड्यांचाच वाटा मोठा. आता त्यांपैकी फक्त एक कोटी दुचाकींनी रोज दोन किलोमीटर कमी धाव घेतली, तर रोजचे चार लाख लिटर पेट्रोल वाचते. वर्षाचे साडेचौदा कोटी लिटर. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण कित्ता गिरवण्यापुरती नाही, ती गणितातही बसते. आणि एक लिटर पेट्रोल जळले की सव्वादोन किलोंहून जास्त कर्बवायू हवेत जातो. पाऊण किलोच्या पेट्रोलमधून सव्वादोन किलो वायू कसा, असे मुले विचारतील. हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो, म्हणून. पृथ्वी तापते आहे आणि पावसाचा नेम राहिला नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

चौथे कलम प्रकृतीचे, आणि येथे वेळेच्या खर्चाची भरपाई होते. या बाबतीत एका काटकसरी विद्यार्थ्याची हकीगत ऐकण्यासारखी आहे. गांधीजी १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले, तेव्हा सुरुवातीला त्यांना कुठेही जायचे तर भाड्याचे वाहन करावे लागे. आणि फिरायला जायचे तर त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागे. पै-पैचा हिशेब लिहिण्याची सवय त्यांना होती. त्या वहीवरून त्यांच्या लक्षात आले, की खर्च निम्म्यावर आणता येईल. त्यांनी कुटुंबात राहणे सोडले आणि कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोचता येईल अशा जागी खोल्या घेतल्या. भाडे वाचले आणि रोज आठ-दहा मैलांचे चालणे झाले. विलायतेत आपण जवळजवळ आजारी पडलो नाही, शरीर काटक झाले, ते या चालण्यामुळे, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. पुढे दक्षिण आफ्रिकेत १९१० साली टॉल्स्टॉय फार्म निघाला. तो जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर होता. आश्रमाच्या कामासाठी शहरात जायचे तर आगगाडीचा तिसरा वर्ग. स्वतःच्या हौसेने जायचे तर पायी, आणि शिदोरी घरची, असा तिथे नियम होता. ज्या माणसाने १९३० साली साठी उलटल्यावर साबरमतीहून दांडीपर्यंत चोवीस दिवसांत दोनशे चाळीस मैल चालून दाखवले, त्याचे पाय आधी असे घडलेले होते.

या हकीगतीतले मर्म लक्षात घ्या. कामाला जाणे आणि व्यायाम ही दोन कामे त्यांनी एकात बसवली. आपण आज उलट करतो. शाळेत गाडीने जातो, बाजारात गाडीने जातो, मग डॉक्टर सांगतात की साखर वाढली आहे, रोज अर्धा तास चाला. म्हणून संध्याकाळी पुन्हा गाडी काढून मैदानापर्यंत जातो आणि तिथे गोल गोल चालतो! २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आपल्या देशात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर निघाली. खेडी त्यातून सुटलेली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे, की मोठ्या माणसाने आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे दम थोडा वाढेल अशी हालचाल करावी. शाळेची चोवीस मिनिटांची वाट दोन वेळा, आठवड्याचे सहा दिवस, जरा झपझप चालले की २८८ मिनिटे झाली. वेगळा वेळ काढायला नको. म्हणून वर आपण जो वेळ खर्चाच्या बाजूला मांडला, त्याचा बराच भाग उचलून जमेला टाकावा लागतो.

पाचवे कलम घरातल्या गाडीचे. पैशाच्या दृष्टीने मला ते सर्वांत मोठे वाटते. पुष्कळ घरांत एक गाडी असते आणि ती पुरत नाही अशी तक्रार असते. वडील ती घेऊन पाराशी जातात, आणि मुलीला पाच-सहा किलोमीटरांवरच्या कॉलेजला जायला काही उरत नाही. मग एक तर तिचा तास बुडतो, नाही तर दुसऱ्या गाडीचा विचार सुरू होतो. दुसरी गाडी म्हणजे साठ-सत्तर हजारांपासून लाखापर्यंत रक्कम, तिचा हप्ता, त्यावरचे व्याज, विमा. अशा घरात एकच नियम केला पाहिजे, की ज्याची वाट लांब, त्याची गाडी. ज्याची वाट जवळ, त्याचे पाय. एवढ्याने दुसरी गाडी दोन वर्षे पुढे ढकलली, तर फेऱ्यांचे सव्वापाच हजार त्यापुढे किरकोळ आहेत. आणि मुलीचा तास बुडाला नाही, याची किंमत तर कुठल्याच वहीत लिहिता येत नाही.

मग हे सगळे कळत असूनही आपण का चालत नाही? ऊन, पाऊस, ओझे ही कारणे आहेतच. पण खरे कारण बहुधा तोंडावर येत नाही. ते म्हणजे ‘लोक काय म्हणतील?’ गुरुजी पायी निघाले की चौकातला कोणी तरी विचारतोच, ‘काय गुरुजी, गाडी विकली का?’ गाडी ही सोय होती, ती इभ्रत झाली. अंगणात गाडी असून पायी जाणारा माणूस एक तर चिक्कू, नाही तर अडचणीत आलेला, अशी समजूत बसली. पण ज्या महाराष्ट्रात लाखो माणसे दर आषाढीला आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर आनंदाने चालतात, ज्या मातीतले विनोबा १९५१ सालापासून पुढे तेरा वर्षे भूदानासाठी देशभर पायी हिंडले, तिथे पायी चालण्याची लाज वाटावी, हे थोडे नवलच नाही का?

आणि या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या गावात पुष्कळ माणसे आजही पायीच चालतात. हौसेने नव्हे, दुसरे साधन नाही म्हणून. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांची नोंद घेतली, तेव्हा पायी जाणाऱ्यांची संख्या दुचाकीवर जाणाऱ्यांहून पुष्कळ जास्त निघाली. निंदणीला जाणाऱ्या बाया, आश्रमशाळेची मुले, अंगणवाडीची मदतनीस, यांना चालण्याचे फायदे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. ज्याला चालावेच लागते, त्याला उपदेश नको. त्याला धड रस्ता हवा. बचतीची ही गोष्ट आहे ती ज्याच्या अंगणात गाडी उभी आहे, त्याच्यासाठी. आणि असा माणूस पायी चालू लागला की त्याचा आणखी एक उपयोग होतो. साकवाची फळी मोडली आहे, रस्त्याच्या कडेला काटे पडले आहेत, दिव्याच्या खांबावर दिवा नाही, हे गाडीवरून दिसत नाही. सरपंच, ग्रामसेवक आणि गुरुजी पायी चालू लागले, तर ते त्यांना पहिल्याच आठवड्यात दिसेल, आणि ग्रामसभेत कोणी तरी बोलेल.

ही मागणी क्षुल्लक नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे दगावली. त्यांत ३२ हजारांवर पायी चालणारी होती. तेव्हा चालताना स्वतःची काळजी घ्यावी. पायरस्ता नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन आपल्याला दिसते. अंधारात पांढरे किंवा उजळ कपडे आणि हातात बॅटरी असावी. जिथे मोठ्या मालमोटारी धावतात आणि कडेला पाऊल टाकायला जागा नाही, तिथे चालण्याचा हट्ट धरू नये. पाणंदीची किंवा बांधावरची वाट असेल तर ती धरावी. ती बहुधा सडकेपेक्षा जवळचीही असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या वैशाखाच्या दुपारी, कोकणातल्या मुसळधार पावसात, दुखऱ्या गुडघ्यांवर किंवा सामसूम रात्री एकट्या बाईमाणसाने चालावे, असे कोणी म्हणणार नाही. वाट तीन ते सहा किलोमीटरांची असेल तर सायकल आहेच. चालायला जेवढी शक्ती लागते, तिच्या निम्म्याहून कमी शक्तीत सायकल तेवढेच अंतर नेते. त्याहून लांब असेल तर आपली एसटी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही पहिली गाडी सुटली तेव्हापासून ती खेड्याची सोबतीण आहे. जे शिक्षक वीस किलोमीटरांवरून येतात, त्यांनी एसटीने यावे, किंवा दोघातिघांनी एका गाडीने यावे, आणि फाट्यापासून शाळेपर्यंतची वाट पायी धरावी.

शिक्षकांना या विषयात वर्गासाठी चांगला पाठ मिळेल. शिक्षण हक्क कायद्याखाली केंद्र सरकारने २०१० साली केलेल्या नियमांत, पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या चालण्याच्या अंतरात आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरांच्या आत असावी, असे धरले आहे. म्हणजे मुलाने चालत यावे, अशाच कल्पनेने शाळेची जागा ठरते. तर मुलांना मैदानावर शंभर मीटर मोजून द्या आणि प्रत्येकाला आपली पावले मोजायला सांगा. कोणाची दीडशे भरतील, कोणाची दोनशे. मग घरापासून शाळेपर्यंतची पावले मोजून अंतर काढता येते. त्रैराशिकाचे उदाहरण पायांनीच सुटते. दुसरे, आठवडाभर घरातल्या गाडीची ‘फेऱ्यांची वही’ ठेवायला सांगा. चार रकाने आखा: कुठे गेली, किती लांब, ओझे होते का, आणि पायी जाता आले असते का. आठवड्याच्या शेवटी बेरीज करा. मात्र या वहीवरून मुलांनी घरी बापाला धारेवर धरू नये, हेही बजावून सांगा. वही वाचून ज्याचे त्याला उमजते. आणि गुरुजी, पहिली वही आपली असू द्या. मुले आपण सांगतो ते ऐकतात, पण आपण करतो ते शिकतात.

उद्यापासून गाडी विकून टाका, असे या जमाखर्चाचे सांगणे नाही. उद्या सकाळी किल्लीला हात घालण्यापूर्वी चार प्रश्न मनाशी विचारा. वाट दोन किलोमीटरांच्या आतली आहे का? हातात जड ओझे नाही ना? ऊन, पाऊस, अंधार आडवा येत नाही ना? आणि खरोखर घाई आहे, की नुसती सवय आहे? उत्तरे सोयीची आली, तर किल्ली पुन्हा खुंटीला अडकवा, पायांत वहाणा घाला आणि निघा. वाटेत कोणी विचारलेच, ‘गाडी विकली का?’, तर हसून सांगा, ‘नाही हो, लांबच्या वाटेसाठी राखून ठेवली आहे.’